भारताचा महिला सॉफ्टबॉल संघ आणि खानदेशातल्या मुली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा आटोपल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तेच ते प्रश्न येतात. विचारणारे कधी पालक असतात, कधी नव्यानं रुजू झालेले क्रीडाशिक्षक, तर कधी भावाच्या मोबाइलवरून मेसेज टाकणाऱ्या मुली. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहिलेलं बरं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे फसायला होतं.

सॉफ्टबॉल म्हणजे मुलींचं बेसबॉलच ना?

नाही. सॉफ्टबॉल पुरुषही खेळतात आणि त्यांच्या जागतिक स्पर्धाही होतात. खेळ जन्मला १८८७ मध्ये शिकागोत, तोही बंदिस्त हॉलमध्ये, हिवाळ्यात बेसबॉल खेळता येत नाही म्हणून. बेसबॉलशी नातं जवळचं आहे, पण मैदान लहान आणि चेंडू मोठा. दोन बेसमधलं, म्हणजे धावताना गाठायच्या दोन थांब्यांमधलं, अंतर ६० फूट. महिलांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर ४३ फुटांवरून चेंडू टाकते. सामना नऊऐवजी सात इनिंगचा असतो. सर्वांत मोठा फरक म्हणजे पिचिंग खालून होतं, हात पूर्ण फिरवून. शिवाय पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही. बेसबॉल खेळून आलेल्या मुली सुरुवातीला इथेच आउट होतात.

चेंडू खरंच मऊ असतो का?

बिलकूल नाही. नावावर जाऊ नका. घेर १२ इंच, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. तोंडावर बसला तर दात जातो. बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरला मास्क, चेस्ट गार्ड, लेग गार्ड आणि बॅटरला हेल्मेट नसेल तर सराव घेऊच नये. "आज राहू द्या, उद्या आणू" असं म्हणणाऱ्या मैदानावरून मुलीला घरी आणा.

सामना कसा चालतो, थोडक्यात सांगा.

मैदानात नऊ जणी. एक संघ बॅटिंग करतो, तीन जणी आउट झाल्या की बाजू बदलते. दोन्ही बाजूंची बॅटिंग झाली की एक इनिंग. बॅटरला तीन स्ट्राइक झाले की ती आउट, चार बॉल (स्ट्राइकच्या चौकटीबाहेरून गेलेले, न खेळलेले चेंडू) झाले की फुकटात फर्स्ट बेस. स्ट्राइक म्हणजे बॅटरजवळच्या होमप्लेटच्या वरून, काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीत गेलेला चेंडू, किंवा बॅट फिरवूनही न लागलेला. तिन्ही बेस पार करून होमला परत आलं की एक रन.

फर्स्ट बेसवर पांढरा आणि नारिंगी असा जोडबेस दिसेल. नारिंगी भाग धावणारीसाठी, पांढरा फिल्डरसाठी. टक्कर होऊन पाय मुरगळू नये म्हणून ही सोय आहे. सात इनिंगनंतर बरोबरी असेल तर पुढची प्रत्येक इनिंग सेकंड बेसवर एक रनर आधीच उभी करून सुरू होते. आणि पाच इनिंगनंतर एका संघाकडे सात रनची आघाडी असेल तर सामना तिथेच संपवतात.

एक सूचना वर्तमानपत्र वाचणाऱ्यांसाठी. "जळगावचा ६-२ होमरनने विजय" अशी बातमी येते, तेव्हा सहा होमरन मारलेले नसतात. सहा रन झालेल्या असतात. होमरन वेगळी, म्हणजे एकाच फटक्यावर बॅटर सगळे बेस पार करून होमला येते ती; ती अख्ख्या सामन्यात एखादी झाली तरी खूप.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे की काढून टाकला?

दोन्ही खरं आहे. महिलांचं सॉफ्टबॉल १९९६ मध्ये अटलांटाला आलं, मग सिडनी २०००, अथेन्स २००४, बीजिंग २००८. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं मतदान घेऊन बेसबॉलसोबत सॉफ्टबॉलही २०१२ पासून वगळलं. टोकियोत पुन्हा घेतलं, पॅरिस २०२४ मध्ये पुन्हा नव्हतं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत परत आहे. सामने मात्र लॉस एंजेलिसला होणार नाहीत. ते ओक्लाहोमा सिटीत, तिथे सॉफ्टबॉलचं तयार मोठं स्टेडियम आहे म्हणून.

या येण्या-जाण्याचा फटका आपल्यासारख्या देशांना जास्त बसतो. ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळाला सरकारी पैसा आखडता मिळतो, आणि पैसा आखडला की सगळ्यात आधी मुलींची शिबिरं बंद होतात.

जगात कोणते संघ तगडे आहेत?

अमेरिका आणि जपान, बाकीचे त्यांच्या मागे. पहिली तीन ऑलिम्पिक सुवर्णं अमेरिकेची, नंतरची दोन जपानची. अथेन्समध्ये अमेरिकेनं पूर्ण स्पर्धेत ५१ रन केल्या आणि एकच दिली. सिडनीत मात्र हाच संघ ओळीनं तीन सामने हरला होता आणि तरीही सुवर्ण घेऊन गेला. जागतिक स्पर्धा त्याहून जुनी. पहिली १९६५ मध्ये मेलबर्नला झाली आणि यजमान ऑस्ट्रेलियानं अंतिम सामन्यात अमेरिकेला १-० नं हरवलं. २०२४ च्या विश्वचषकात इटलीत जपान जिंकला.

आशियात जपानच्या मागे चीन आणि तैवान, मग फिलिपिन्स, कोरिया. आशियाई खेळांत सॉफ्टबॉल १९९० पासून आहे. पहिली तीन सुवर्णं चीननं नेली, २००२ पासूनची सगळी जपाननं.

जपान एवढा पुढे का, याचं उत्तर त्यांच्या कंपन्यांत आहे. मोटारी बनवणारी कंपनी, इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं दुकान चालवणारी कंपनी अशांचे स्वतःचे महिला संघ आहेत. खेळाडू तिथे नोकरीला असतात आणि वर्षभर लीग खेळतात. आपल्याकडे रेल्वे आणि पोलिसांनी कबड्डीसाठी जे केलं तेच. अमेरिकेत हे काम कॉलेजं करतात. शिष्यवृत्ती, मैदान, फिजिओ सगळं कॉलेजकडून.

टोकियोच्या अंतिम सामन्याबद्दल नेहमी बोलता. त्यात एवढं काय होतं?

२७ जुलै २०२१, योकोहामा. जपान २-० नं पुढे. सुरुवातीपासून पिचिंग करणारी युकिको उएनो त्याच आठवड्यात ३९ वर्षांची झालेली. सहाव्या इनिंगला जपाननं तिला काढून २० वर्षांची डावरी पिचर मिऊ गोतो आणली. अमेरिकेच्या रनर बेसवर, आणि अमांडा चिडेस्टरनं थेट थर्ड बेसकडे जोरकस फटका मारला. चेंडू थर्ड बेसवरच्या यू यामामोतोच्या हाताला लागून उडाला. तो जमिनीवर पडला असता तर अमेरिकेची रन नक्की होती. पण शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली फिल्डर, माना आत्सुमीनं तो हवेतच झेलला आणि त्याच झटक्यात सेकंड बेसकडे फेकला. एका फटक्यावर दोघी आउट. इनिंग संपली.

सातव्या इनिंगला उएनो पुन्हा पिचिंगला आली. "काढलेली खेळाडू परत कशी आली?" हा प्रश्न तेव्हाही आला होता. सॉफ्टबॉलमध्ये सुरुवातीच्या संघातली खेळाडू बाहेर गेली तरी एकदा परत येऊ शकते. बॅटिंगच्या क्रमातली तिची जागा मात्र तीच राहते. आपल्या जिल्हास्तरावरच्या किती प्रशिक्षकांना हा नियम माहीत असतो, याबद्दल मी काही बोलत नाही.

मुलींना हा झेल दाखवा. आत्सुमी चेंडूमागे पळालेली नाही, तिथे ती आधीच होती. फटका थर्ड बेसकडे जाताना शॉर्टस्टॉपनं मागे यायचं असतं, हे रोजचं काम तिनं त्या क्षणीही केलं, बस.

सगळे पिचर-पिचर करतात. ती एवढी महत्त्वाची असते का?

हो, आणि आम्ही हे वारंवार सांगतो म्हणून काही प्रशिक्षक वैतागतातही. तरी पुन्हा सांगतो. सॉफ्टबॉलमध्ये चांगली पिचर असलेला सामान्य संघ सामान्य पिचर असलेल्या चांगल्या संघाला हरवतो. बीजिंगला उएनोनं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकले आणि अमेरिकेची सुवर्णांची रांग तोडली. अंतिम सामना ३-१.

वेगाचा हिशेब करून बघा. आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या पिचरचा चेंडू ताशी १०० ते ११० किलोमीटरनं येतो. अमेरिकेच्या मोनिका ॲबटनं २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे जवळपास १२४ किलोमीटरचा चेंडू टाकला होता. क्रिकेट पाहणाऱ्याला १०० हा आकडा किरकोळ वाटेल. पण अंतर बघा. पिचरचा पाय पुढे पडतो, म्हणून चेंडू सुटतो तो ११ मीटरच्या आसपास अंतरावरून. बॅटरकडे उरतात ०.४ सेकंद. क्रिकेटमध्ये १३० च्या वेगाचा चेंडूही बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंद घेतो. शिवाय राइजबॉल नावाचा चेंडू वर चढल्यासारखा वाटतो, ड्रॉप ऐनवेळी खाली जातो, आणि चेंजअपला हात तेवढ्याच जोरात फिरतो पण चेंडू रेंगाळत येतो.

पिचिंगच्या या पद्धतीला विंडमिल म्हणतात. ज्वारीच्या माळ्यावरून ज्यांनी पाखरं राखली त्यांना ती चटकन कळते. गोफण फिरवण्यात ताकद दुय्यम, सोडायची वेळ महत्त्वाची. क्षणभर उशीर झाला की धोंडा भलतीकडे. इथेही चेंडू मांडीजवळ आला की मनगटाचा झटका देऊन सोडायचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही मुलींचा हात पहिल्याच आठवड्यात असा सुटतो की बघत राहावं.

भारताचा महिला संघ नेमका कुठे आहे?

खरं सांगायचं तर मागे. ऑलिम्पिकच्या सॉफ्टबॉलमध्ये भारत आजवर खेळलेला नाही. आशियाई स्पर्धांत संघ उतरतो, पण जपान, चीन, तैवानसमोर निकाल मोठ्या फरकानं लागतात. आपल्या मुली धावायला, फेकायला कमी नाहीत. फिल्डिंग तर पुष्कळदा देखणी असते. अडतं ते बॅटिंगला, आणि बॅटिंग अडते कारण घरच्या स्पर्धांत तशा वेगाचं पिचिंग समोर येतच नाही. राष्ट्रीय स्पर्धेत जो चेंडू जोरात वाटतो, तो तैपेईच्या शाळकरी पिचरला सरावातला वाटेल.

म्हणून आमचं म्हणणं असं की दहा बॅटर घडवण्याआधी दोन पिचर घडवा. त्यांच्यासमोर सराव करून बॅटर आपोआप सुधारतात. खानदेशातून भारताच्या संघात मुली पाठवायच्या असतील तर सर्वांत मोकळी जागा तीच आहे. शॉर्टस्टॉपला प्रत्येक राज्यात रांग लागलेली असते, पिचरला नसते.

भारतीय संघात निवड कशी होते? जळगावची मुलगी तिथवर कशी पोहोचेल?

तीन शिड्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली शालेय. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय १४, १७ आणि १९ वर्षांखालील स्पर्धा घेतं. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, त्यामुळे जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि तिथून निवड झाली तर राष्ट्रीय शालेय स्पर्धा. दुसरी संघटनेची. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून जिल्ह्याचा संघ, राज्य अजिंक्यपद, राज्याचं शिबिर, महाराष्ट्राचा संघ, राष्ट्रीय अजिंक्यपद. तिसरी विद्यापीठाची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ आणि पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा.

भारताच्या वरिष्ठ संघाकडे जाणारी वाट मुख्यतः दुसरी. राष्ट्रीय स्पर्धेत नजरेत भरलेल्या खेळाडूंना सॉफ्टबॉल असोसिएशन ऑफ इंडियाच्या चाचणीला आणि शिबिराला बोलावतात. म्हणजे मुलगी शाळेकडून राज्यात गाजली, पण जिल्हा संघटनेच्या चाचणीला गेलीच नाही, तर ती भारताच्या निवडकर्त्यांना दिसत नाही. दरवर्षी असं होतं. चाचणीची तारीख व्हॉट्सॲपवर उशिरा कळते, चोपड्याहून किंवा शहाद्याहून सकाळच्या एसटीनं निघेपर्यंत इकडे चाचणी अर्धी आटोपलेली असते. त्यामुळे सप्टेंबरपासून संघटनेच्या लोकांच्या संपर्कात राहा, लाजू नका, दोनदा विचारा.

आणि पासपोर्ट. हे ऐकून पालक हसतात, "अजून तालुक्याबाहेर गेली नाही आणि पासपोर्ट!" पण राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आल्यावर वेळ नसतो. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव वेगळ्या स्पेलिंगचं, हे सगळं जुळवण्यात महिने जातात. राज्य संघात निवड झाली त्याच आठवड्यात या कागदांना हात घाला. वयाचा दाखलाही त्यातच सुधारून घ्या, कारण वयोगटाच्या स्पर्धेत आक्षेप आला तर संपूर्ण संघ अडचणीत येतो.

एका संस्थेचा फोन आला. मुलीची "इंडिया टीम"मध्ये निवड झाली म्हणाले, परदेशात स्पर्धा आहे, पैसे भरा. भरू का?

थांबा. आधी एक छोटा प्रश्न: निवड कुठल्या चाचणीतून झाली? मुलीनं राष्ट्रीय अजिंक्यपद खेळलेलं नाही, कुठलं शिबिर नाही, कुणी तिचा एक चेंडूही पाहिला नाही, आणि तरी निवड झाली असेल, तर ती निवड तुमच्या खिशाची झाली आहे.

शेजारच्या एखाद्या देशात दोन-चार दिवसांची "आंतरराष्ट्रीय" स्पर्धा, निळा ड्रेस, छातीवर तिरंगा, गळ्यात सोनेरी पदक आणि स्टेशनवर ढोलताशा असा हा धंदा अनेक खेळांत चालतो. समोरचा संघ कधी कधी भारतातलाच असतो. गावात फ्लेक्स लागतो, आमदार सत्कार करतात. पुढे तेच प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला जोडलं की पडताळणीत ते बाद होतं. राज्यात खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तपासणी कडक झाली आहे, आणि अडकते ती मुलगी, पैसे घेणारा नव्हे.

विचारायच्या गोष्टी एवढ्याच. स्पर्धा जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाच्या किंवा त्याच्या आशियाई संघटनेच्या कार्यक्रमात आहे का? तिथे यादी उघडी असते, मोबाइलवर बघता येते. संघ पाठवणारी राष्ट्रीय संघटना त्या वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्य यादीत आहे का? निवडपत्रावर चाचणीचं ठिकाण आणि तारीख आहे का? पैसे कुणाच्या खात्यात, संघटनेच्या की एखाद्या माणसाच्या? जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात निवडपत्राची प्रत दाखवा. ते तुम्हाला हाकलून देणार नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खऱ्या भारतीय संघात निवड झाली तरी काही वेळा प्रवासाचा खर्च खेळाडूच्या घरावर येतो. त्यामुळे पैसे मागितले म्हणजे खोटंच, असंही नाही. म्हणून तर वरचे प्रश्न विचारायचे. निवड खरी असेल आणि पैशांची अडचण असेल तर शाळेचे माजी विद्यार्थी, पतसंस्था, बाजार समितीतले व्यापारी यांच्याकडे निवडपत्र घेऊन उघडपणे जा. केळीचा भाव बरा असला तर रावेर-यावलकडचे लोक हात आखडत नाहीत.

खानदेशात सरावाची सोय आहे का?

जळगावला जिल्हा क्रीडा संकुल आणि मू. जे. महाविद्यालयाचं एकलव्य क्रीडा संकुल आहे, धुळ्याला गरुड मैदान आहे. फक्त सॉफ्टबॉलसाठी आखलेलं मैदान मात्र शोधत बसू नका. शाळेचं मैदान घ्या, चुन्यानं डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखा. ६० फुटांच्या बाजू दोरीनं मोजा, पावलांनी नको.

आपल्या काळ्या मातीचा त्रास खरा आहे. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल, उन्हाळ्यात घोटा अडकेल अशा भेगा. इनफिल्डपुरता, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागापुरता तरी मुरूम टाकून रोलर फिरवून घ्या आणि खडे वेचा. खडा लागून उसळलेला ग्राउंडर (जमिनीलगत आलेला फटका) थेट चेहऱ्यावर येतो. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही इनफिल्डच्या बऱ्याच जणी फेस मास्क घालतात, त्यात कमीपणा नाही.

पिचरला तर मैदानही लागत नाही. एक भिंत, तिच्यावर कोळशानं काखेपासून गुडघ्यापर्यंतची चौकट, आणि ४३ फुटांवर एक रेघ. लहान मुलींनी रेघ जवळ घ्यावी. शेजारच्यांच्या खिडक्या तेवढ्या सांभाळा.

"आमनी पोर क्रिकेट खेळस. तिले हाऊ खेळ जमी का?"

जमी! थ्रो आणि झेल तयार असतात, तो मोठा फायदा. बॅटिंगला मात्र काही सवयी मोडाव्या लागतात. इथे चेंडू टप्पा पडून येत नाही आणि बॅट गोल असते. फटका लागला की बॅट हातात घेऊन पळायचं नाही, ती बाजूला टाकून पळायचं. ग्लोव्ह डाव्या हातात घालून झेलायला पहिले काही दिवस अवघड जातं. खो-खोच्या मुली तर आणखी लवकर रुळतात. झटकन दिशा बदलणं आणि वाकून राहणं त्यांच्या अंगात असतं.

कितव्या वर्षी सुरुवात करावी?

फिल्डिंग-बॅटिंगला आठवी-नववीतही चालतं. पिचिंगला दहा-बाराव्या वर्षी हात लावावा, कारण ताल बसायलाच दोन-तीन वर्षं जातात. आधी वेग मागू नका. मनगट, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. लहान मुलीकडून सामन्यामागून सामने एकटीकडून पिचिंग करून घेणारे प्रशिक्षक पदक मिळवतात आणि खांदा घालवतात. उएनोचे ४१३ चेंडू ही पूर्ण वाढलेल्या, वर्षानुवर्षं तयारी केलेल्या खेळाडूची गोष्ट होती. प्रत्येक संघात किमान दोन पिचर हव्यातच.

मुलगी डावरी आहे. अडचण येईल का?

उलट नशीब समजा. डावखुरी बॅटर फर्स्ट बेसच्या दोन पावलं जवळ उभी असते. पळत पळत चेंडूला नुसता टोला देऊन निसटणारी डावखुरी स्लॅपर मोठ्या संघांतही मोलाची असते. डावरी पिचर तर कुणालाही हवी असते. कॅचर, शॉर्टस्टॉप आणि थर्ड बेस या जागा मात्र डावरीला बहुधा देत नाहीत, फेकताना अंग वळवावं लागतं म्हणून. ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा लागेल, दुकानात आधीच सांगून मागवा.

साहित्याचा खर्च किती?

किंमती सांगत नाही, बदलत असतात. मेरठ आणि जालंधरचा माल सुरुवातीला पुरतो. ग्लोव्ह स्वतःचा असावा, बाकी बॅट, कॅचरचं किट, हेल्मेट शाळेनं घ्यावं. मुलीसाठी एकच चांगली वस्तू घ्यायची असेल तर ग्लोव्ह घ्या. बॅट नंतर.

एप्रिल-मेच्या उन्हात सराव कसा करायचा?

भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दुपारी कुणीही मैदानावर थांबू नये, शिबिर असलं तरी. उजाडताच सुरू, आठला बंद. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पिचर आणि कॅचरनं तेवढं यावं. कॅचर किटच्या आत भाजून निघते, तिला दर थोड्या वेळानं मास्क काढायला लावा. पाण्यात मीठ-साखर-लिंबू.

घरचे ड्रेसवरून आणि बाहेरगावी पाठवण्यावरून नाही म्हणतात.

सॉफ्टबॉलचा ड्रेस म्हणजे गुडघ्याखालपर्यंत पँट आणि लांब मोजे. घसरत बेस गाठावा लागतो, त्यामुळे उघडे पाय सोयीचेही नाहीत. बाहेरगावचा प्रश्न रास्त आहे. संघासोबत महिला व्यवस्थापक आहे का, मुक्काम कुठे, परतीची गाडी कोणती, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहे. उत्तरं टाळणाऱ्यांबरोबर पाठवू नका. आजी अडून बसली असेल तर तिला एकदा सामना बघायला आणा. पुढच्या वेळी डबा तीच भरते, हे पुष्कळ घरांत पाहिलंय.

दहावी-बारावीला गुण आणि पुढे नोकरी मिळते का?

शालेय स्पर्धांतल्या कामगिरीनुसार दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. अर्ज शाळेमार्फत, मुदतीत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं ते जाहिरातीत नीट वाचा आणि पडताळणी आधी करून घ्या. नोकरीसाठीच खेळायचं ठरवलं तर मात्र निराशा पदरी येण्याची शक्यता मोठी. जागा थोड्या, अर्ज शेकडो.

बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही खेळलं तर चालतं?

चालतं, महाराष्ट्रात पुष्कळ मुली दोन्ही खेळतात. भारतात दोन्हींच्या संघटना वेगळ्या, चाचण्या वेगळ्या, तारखा एकमेकींवर येतात. पिचरनं मात्र एकच निवडावं. वरून फेकणं आणि खालून फेकणं यांत हात गोंधळतो.

पुढच्या काळात बघण्यासारखं काय आहे?

२०२६ चे आशियाई खेळ जपानमध्ये ऐची-नागोयाला आहेत आणि त्यात सॉफ्टबॉल आहे, तेही यजमानांच्या लाडक्या खेळांपैकी एक. सामने आपल्या वेळेच्या साडेतीन तास पुढे. मग २०२८. ओक्लाहोमा सिटीत संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागेल. टीव्हीवर दाखवतील की नाही, हे ऐनवेळी बघावं लागेल. मोबाइलवर बघायचा असेल तर आदल्या रात्री चार्जिंग करून ठेवा, पहाटेच्या लोडशेडिंगचा भरवसा नाही.